यंत्राचा खोळंबा

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील ऊस पिकविणाऱ्या एखाद्या गावी जाण्याचा योग आला, तर गुऱ्हाळावर केवळ रसाचा व गरम गुळाचा समाचार घेऊन परतू नका. घटकाभर तेथे उभे राहा, आणि एक आधण उतरून दुसरे चुलवाणावर चढेपर्यंत काय काय घडते ते लक्षपूर्वक पाहा. काहिलीतील रस आटून पाक होऊ लागला की गुळव्याची नजर तीवरून ढळत नाही. परंतु त्याच वेळी पलीकडे चरक चालू असतो, पुढील आधणाचा रस मांदणात जमत असतो, मळी काढण्यासाठी लागणारे भेंडीचे चिकट पाणी तयार असते, आणि ज्या वाफ्यात पाक ओतावयाचा तो धुऊन ठेवलेला असतो. काहील उतरते, पाक वाफ्यात जातो, काहील पुनः चुलवाणावर बसते आणि लागलीच ताजा रस तीत पडतो. ह्या कामी विलंब करून चालतच नाही. कारण चुलवाणातील जाळ कोणासाठी थांबत नाही, आणि रिकामी काहील त्यावर राहिली तर करपावयाची.

आता अशी कल्पना करा की, कोणी एक गुऱ्हाळवाला काहील रिकामी झाल्यावर मग चरक सुरू करतो, रस निघू लागल्यावर भेंडी शोधावयास माणूस पाठवितो, आणि वाफा धुवावयाचा राहिला हे त्यास पाक तयार झाल्यावर आठवते. अशा गृहस्थास गावातील शेंबडे पोरही हसेल. पण हाच प्रकार लोखंडाच्या कारखान्यात, लाखो रुपये किमतीच्या यंत्राभोवती, रोज घडत असतो आणि त्यास कोणी हसत नाही. उलट ‘सेटिंगला एवढा वेळ लागायचाच’ असे तेथील जाणते लोक गंभीरपणे सांगतात.

एका प्रकारच्या मालाचा शेवटचा नग यंत्रावरून उतरल्यापासून दुसऱ्या प्रकारच्या मालाचा पहिला चांगला नग उतरेपर्यंत जो वेळ जातो, त्यास ह्या लेखात आपण खोळंबा म्हणू. ‘चांगला’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. यंत्र पुनः फिरू लागले म्हणजे खोळंबा संपला, असे पुष्कळांस वाटते. परंतु फिरू लागलेल्या यंत्रावरून पहिले चार नग मापात न बसणारे निघाले, तर ते चार नग होईपर्यंतचा काळही खोळंब्यातच धरावयास हवा.

हा विषय कोल्हापूरच्या वाचकांपुढे मांडण्याचे एक कारण आहे. आपल्या नगरीची प्रसिद्धी गूळ, चप्पल व कुस्ती ह्यांसाठी असली, तरी शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील वसाहतींत यंत्रे चालतात, भट्ट्या पेटतात आणि त्यांवर सहस्रावधी कुटुंबे जगतात. नदीचे पाणी उसाच्या शेतात चढविण्यासाठी लागणारी ऑइल इंजिने दुरुस्त करता करता ती स्वतःच घडविण्याचे धाडस येथील मिस्त्री लोकांनी केले, आणि त्यातून ओतकामाचा व यंत्रकामाचा हा मोठा धंदा उभा राहिला. आज ह्या भागात सुमारे तीनशे ओतशाळा आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप ह्यांचे भाग त्यांत ओतले जातात व शेजारच्या लहानमोठ्या कारखान्यांत लेथवर कातले जातात. ह्यांतील बरेच कारखाने घरगुती स्वरूपाचे आहेत. पाच-दहा यंत्रे, वडील व चुलते देखरेखीस, थोरला मुलगा हिशेबास, अशी व्यवस्था. ह्या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची ती कथा असेल.

अशा कारखान्यास एकाच जातीचे लक्षावधी नग करण्याचे काम सहसा मिळत नाही. ह्या गिऱ्हाइकाचे तीस नग, त्याचे पन्नास, तिसऱ्याचे अवघे बारा, असे किरकोळ काम येत राहते. म्हणजे यंत्र दिवसातून दोन-तीन वेळा एका कामावरून दुसऱ्यावर वळवावे लागते. हेन्री फोर्ड ह्याने ह्या कटकटीतून सुटण्याचा एक राजमार्ग शोधला होता: काम बदलावयाचेच नाही. १९०८ पासून १९२७ पर्यंत त्याने ‘मॉडेल टी’ ही एकच मोटार दीड कोटींहून अधिक संख्येने काढली. पण १९२७ साली लोकांस नवी मोटार हवी झाली, तेव्हा एवढ्या प्रचंड कारखान्यास ‘मॉडेल ए’कडे वळविण्यासाठी कित्येक महिने मोटारींचे उत्पादन बंद ठेवावे लागले. तो फोर्ड होता म्हणून त्यातून निभावला. उद्यमनगरातील कारखानदाराचे एक आठवड्याचे काम बंद राहिले, तर पुढील आठवड्याचा पगार कोठून द्यावा हा प्रश्न उभा राहतो.

येथे थोडे अंकगणित करू. त्यावाचून हा विषय समजणार नाही. समजा, एका लेथवर एक नग कातण्यास २ मिनिटे लागतात, आणि काम बदलण्यास ६० मिनिटे. ३० नगांचे काम आले तर ६० मिनिटे खोळंबा व ६० मिनिटे काम, मिळून १२० मिनिटे. म्हणजे नग पडला ४ मिनिटांस. त्यातील निम्मा वेळ कामाचा नव्हेच. हे पाहून कारखानदार म्हणतो, ‘एकदा सेटिंग केलेच आहे, तर तीसऐवजी तीनशे काढून ठेवू, पुढे लागतीलच.’ ३०० नगांस ६० अधिक ६००, म्हणजे ६६० मिनिटे. नग पडला २.२ मिनिटांस. हिशेब तर चोख दिसतो. आणि म्हणूनच कोणत्याही जुन्या कारखान्याच्या कोपऱ्यात ‘पुढे लागतीलच’ म्हणून काढलेल्या मालाचा, धूळ व गंज खात पडलेला ढीग तुम्हांस आढळेल. त्या ढिगात रोख पैसा अडकलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे, बोअर दोन रेघा मोठे झाले किंवा ओतीव भागात आत पोकळी राहिली हे जर पुढील खात्यात गेल्यावर ध्यानी आले, तर तीस नव्हे तीनशे नग भट्टीत परत जातात.

आता तोच हिशेब उलट बाजूने करा. नग कातण्याची गती तीच, २ मिनिटे. कामगार तोच, यंत्र तेच. फक्त काम बदलण्याचा वेळ ६० मिनिटांवरून ६ मिनिटांवर आणला. मग ३० नगांस ६ अधिक ६०, म्हणजे ६६ मिनिटे. नग पडला २.२ मिनिटांस! तीनशे नगांचा ढीग घातल्याने जो लाभ होत होता, तोच आता तीस नगांत होऊ लागला, आणि ढीग घालण्याचे प्रयोजन उरले नाही. मॅट्रिकच्या वर्गातील मुलांनी हे कोष्टक निरनिराळे आकडे घालून स्वतः मांडून पाहावे.

एका वेळी किती नग करावेत ह्याचे गणिती सूत्र अमेरिकेतील फोर्ड हॅरिस नामक अभियंत्याने १९१३ साली प्रसिद्ध केले. (मोटारवाल्या फोर्डाशी ह्याचा संबंध नाही.) काम बदलण्याचा खर्च एकीकडे व माल साठविण्याचा खर्च दुसरीकडे ठेवून, दोहोंची बेरीज कमीत कमी येईल असा आकडा ते सूत्र काढून देते. त्यात वर्गमूळ आहे. म्हणून काम बदलण्याचा खर्च एक चतुर्थांश झाला की योग्य नगसंख्या निम्मी होते. सूत्र बिनचूक आहे. तथापि ते वापरणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली, ती ही की, काम बदलण्याचा खर्च हा जणू पावसासारखा, आपल्या हाती नसलेला. पुढे कित्येक वर्षे शहाणीसुरती माणसे त्या खर्चास शरण जाऊन ढिगाचा आकार ठरवीत बसली; खर्चच कमी करता येईल काय, हे विचारणारा माणूस दुर्मीळ होता.

तो प्रश्न नेटाने विचारणारा गृहस्थ जपानात निघाला. त्याचे नाव शिगेओ शिंगो. १९५० साली हिरोशिमा येथील तोयो कोग्यो ह्या कारखान्याने त्यास सल्लागार म्हणून बोलाविले. तेथे त्या काळी तीनचाकी गाड्या तयार होत. पुढे हाच कारखाना माझ्दा ह्या नावाने प्रसिद्धीस आला. पत्रा दाबून आकार देणारी मोठी प्रेस यंत्रे कामास पुरी पडत नव्हती, सबब नवी विकत घ्यावीत असे व्यवस्थापकांच्या मनात होते. शिंगोने एवढीच मुभा मागितली की, नवी घेण्यापूर्वी जुन्यांचे काम मला काही दिवस पाहू द्या.

तिसऱ्या दिवशी ८०० टनी प्रेसचा साचा, ज्यास आपल्याकडे डाय म्हणतात, बदलावयाची वेळ आली. कामगाराने जुना डाय सोडविला, आणि तो एकाएकी इकडेतिकडे धावू लागला. नवा डाय बसविण्याचा एक बोल्ट सापडत नव्हता. तासाहून अधिक वेळ शोध चालला. अखेरीस तो एक बोल्ट घेऊन धापा टाकीत परत आला. हरवलेला बोल्ट त्यास सापडला नव्हताच. त्याने शेजारच्या यंत्राचा लांब बोल्ट काढून आणला, तो कापला, त्यावर नवे आटे पाडले आणि त्यावर वेळ मारून नेली. शिंगोने त्यास विचारले, ‘ज्या यंत्राचा बोल्ट तू कापलास, त्याची पाळी येईल तेव्हा काय करशील?’

ह्या साध्या प्रसंगाने शिंगोच्या मनात एक भेद स्पष्ट झाला, आणि साऱ्या पुढील विद्येचा पाया तो भेदच होय. काम बदलताना जी कृत्ये करावी लागतात ती दोन जातींची असतात. काही यंत्र थांबविल्यावाचून करता येतच नाहीत. जसे जुना डाय काढणे व नवा बसविणे. ह्यांस आपण आतली कामे म्हणू. दुसरी अशी, की ती यंत्र चालू असतानाही करता येतात; जसे पुढील डाय गोदामातून आणणे, बोल्ट मोजून ठेवणे, पाने हाताशी लावणे, ओतीव माल यंत्राजवळ आणून रचणे, पुढील नगाचा नकाशा पाहून ठेवणे. ही बाहेरची कामे. खोळंबा वाढतो तो बहुधा आतल्या कामांनी नव्हे. बाहेरची कामे यंत्र थांबवून केल्याने. हिरोशिमाच्या त्या कारखान्यात शिंगोने काय केले? बोल्ट निवडून पेट्यांत लावले, आणि बाहेरची सर्व कामे आधी उरकण्याची रीत घालून दिली. एवढ्यानेच त्या यंत्रांचे काम सुमारे दीडपट झाले, आणि नवी प्रेस घेण्याची गरज टळली. गुऱ्हाळातील गुळव्याला हे कोणी शिकविलेले नसते. पण त्याच्यापुढे जाळ असतो. लेथ मात्र मुकाट्याने उभा राहतो, करपत नाही, म्हणून त्याच्या रिकामेपणाची झळ कोणास लागत नाही.

हाच भेद आपल्या जवळच्या इचलकरंजीत फार सुंदर पाहावयास मिळतो. तेथे १९०४ साली, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे ह्यांच्या कारकिर्दीत, विठ्ठलराव दातार ह्यांनी पहिला यंत्रमाग बसविला. आज त्या गावास यंत्रमागांचे गाव म्हणूनच सारा महाराष्ट्र ओळखतो. मागावर ताण्याचे सूत ज्या मोठ्या रुळावर गुंडाळलेले असते त्यास बीम म्हणतात. बीम संपले की नवे चढवावे लागते. कापडाची जात तीच असेल, तर जुन्या धाग्यांच्या टोकांस नव्या धाग्यांची टोके जोडून काम भागते. पण जात बदलावयाची असेल, तर ताण्याचा प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून व मग फणीच्या दातांतून नव्याने ओवावा लागतो. असे हजारो धागे. ह्या कामास वहिफणी म्हणतात, आणि ते करणारे वहिफणी कामगार हा एक निराळाच, डोळ्यांची व बोटांची कसोटी पाहणारा पेशा आहे. एक धागा चुकला तर कापडावर शेवटपर्यंत रेघ उमटते.

आता विचार करा: हे ओवण्याचे काम आतले की बाहेरचे? वही व फणी यांचा एकच संच असून तो मागावरच अडकलेला असेल, तर ते आतले काम. ओवणी पुरी होईतो माग उभा. परंतु वही-फणीचा एक जादा संच असेल, तर पुढील बीमची सारी ओवणी मागापासून दूर, उजेडात व निवांत बसून आधीच करता येते, आणि माग थांबतो तो फक्त तयार बीम वही-फणीसकट चढविण्यापुरता. काम तेच, धागे तितकेच, कामगाराची मेहनत रतीभरही वाढली नाही. केवळ आतले काम बाहेरचे झाले. ही शिंगोच्या विद्येची दुसरी पायरी होय. १९५७ साली हिरोशिमाच्याच मित्सुबिशी जहाज-कारखान्यात इंजिनाचे मोठे बैठे तासण्याच्या रंधायंत्रावर त्याने नेमके हेच केले. बैठ्यावर खुणा आखून ते सरळ लावण्यात यंत्राचा पुष्कळ काळ जाई, म्हणून त्याने यंत्रास दुसरे टेबल करविले. एका टेबलावरील काम तासले जात असता दुसऱ्यावर पुढील बैठे लावून तयार ठेवावयाचे.

मागाच्या संबंधाने आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. साध्या मागात धोट्यातील कांडी संपली की माग थांबवून नवी कांडी घालावी लागते. हा खोळंबा काही क्षणांचा, पण दिवसातून किती वेळा! जपानातील साकिची तोयोदा ह्या सुताराच्या मुलाने १९२४ साली असा माग पुरा केला की, सूत संपत आल्यावर माग पूर्ण वेगाने चालू असतानाच धोटा आपोआप बदलला जाई. १९२९ साली इंग्लंडातील प्लॅट ब्रदर्स ह्या नामांकित माग-कारखान्याने त्याचे हक्क घेण्याचा करार केला. ह्याच तोयोदा घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला, तो आजचा टोयोटा. मोटारींच्या ह्या कारखान्यास खोळंब्याचे एवढे वावडे का, ह्याचे थोडेसे मूळ कापडाच्या मागात आहे असे म्हणावयास हरकत नसावी.

टोयोटाची हकीकत अशी. १९६९ साली त्यांच्या मुख्य कारखान्यातील १००० टनी प्रेसचा डाय बदलण्यास चार तास लागत. जर्मनीतील फोल्क्सवॅगन कारखान्यात तसल्याच प्रेसला दोन तास पुरत. शिंगोने बाहेरची व आतली कामे विभागून सहा महिन्यांत हा वेळ दीड तासावर आणला. सर्व संतुष्ट झाले. पण थोड्याच दिवसांनी वरून आज्ञा आली, तीन मिनिटांच्या आत आणा! शिंगो प्रथम चकितच झाला. आणि मग, आतली जी कामे उरली आहेत त्यांतील आणखी कोणती बाहेर नेता येतील व राहिलेली कशी सोपी करता येतील, ह्याच्या मागे लागला. तीन महिन्यांत ते साधले.

दीड तासाचे तीन मिनिटे कशी झाली, हे समजण्यासाठी एक बोल्ट हातात घ्या. त्यावर पंधरा आटे असतील, तर नट पंधरा वेळा फिरवावा लागतो. पण खरी आवळणी होते ती शेवटच्या फेऱ्यात. आधीचे चौदा फेरे नुसती वाटचाल. सोडविताना उलट, पहिल्याच फेऱ्यात पकड सुटते. मग ती वाटचाल हवीच कशाला? भिंतीवर तसबीर टांगताना आपण काय करतो? मागील पत्र्यास वर अरुंद व खाली रुंद असे भोक असते. खिळ्याचे डोके रुंद भागातून आत जाते आणि तसबीर खाली सरकली की अरुंद भागात अडकते. डायच्या पट्टीस तसेच भोक पाडले, तर नट मुळीच न काढता, एक फेरा सैल करून डाय सरकवून काढता येतो व दुसरा तसाच बसविता येतो. नटाखालची चकती एका बाजूने उघडी, नालाच्या आकाराची केली, तरी तेच साधते. ह्यास दहा-वीस रुपयांचे काम म्हणावे. परंतु ते सुचण्यास नट फिरविणाऱ्याच्या शेजारी कोणी तरी उभे राहून फेरे मोजावयास हवेत.

उरला सर्वांत अवघड भाग: जुळवाजुळव. शिंगोच्या अनुभवाप्रमाणे जुन्या पद्धतीत निम्मा वेळ ह्यातच जातो. नवे काम लावले, एक नग काढला, मापला. जरा मोठा आला. हत्यार किंचित सरकविले, दुसरा नग; आता जरा लहान. उस्ताद कारागिराचे कसब ते हेच, असे आपल्याकडे मानतात, आणि त्या कसबाविषयी मला आदर आहे. पण त्याची गरज का पडते? प्रत्येक डायची उंची निराळी, म्हणून प्रेस दर वेळी वरखाली करावी लागते. सर्व डायखाली कायमचे पॅकिंग लावून त्यांची उंची एकसारखी केली, तर प्रेसला हात लावण्याचे कारणच उरत नाही. लेथवरील हत्यार होल्डरमध्ये बसवून त्याची लांबी यंत्राबाहेरच मोजून ठेवली, तर बसविताक्षणी ते आपल्या मापावर उभे राहते. कोल्हापुरातील नव्या सीएनसी लेथवर तर हे माप आकड्यांनी टिपून ठेवता येते. मात्र ज्याने ते टिपावयाचे त्याने मागील खेपेचा कागद जपून ठेवला पाहिजे. तो कागद सापडत नाही म्हणून पाऊण तास गेला, तर यंत्र अद्ययावत असून काय उपयोग?

ह्या विद्येची थोरवी सांगताना पुष्कळ व्याख्याते मोटारींच्या शर्यतीचा दाखला देतात. शर्यतीतील मोटार थांबते, चारही चाके दोन-अडीच सेकंदांत बदलली जातात आणि मोटार निघून जाते. दाखला मनोरंजक आहे. पण मला तो पुरता पटत नाही. त्या चार चाकांसाठी वीसेक माणसे हत्यारे रोखून उभी असतात. आपल्या कारखान्यात एक टर्नर व एक हेल्पर असतो, आणि हेल्पर पुष्कळदा चहा आणावयास गेलेला असतो. शिवाय त्या दाखल्याने अशी समजूत होते की, खोळंबा घटविणे म्हणजे धावपळ करणे. वस्तुस्थिती उलट आहे. हिरोशिमाचा तो कामगार तासभर धावतच होता! घाईने केलेल्या कामात बोटे जातात. प्रेसमध्ये हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करण्यास जे क्षण लागतात, ते वाचविण्याचा विचारही कोणी करू नये.

आणि कामगार बंधूंच्या मनात एक शंका असते, ती पालकांनी, विशेषतः ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे त्यांनी, ध्यानात घ्यावी. ‘एक तासाचे काम सहा मिनिटांत होऊ लागले, तर मालक मला घरी तर पाठविणार नाही?’ ही शंका निराधार म्हणता येणार नाही. तसे करणारे मालक असतात. परंतु बोल्ट कोठे अडतो, कोणता पाना दोन यंत्रांत मिळून एकच आहे, कोणते पॅकिंग दर वेळी कापावे लागते, हे सारे ज्ञान त्या यंत्राशी रोज झगडणाऱ्या माणसापाशी असते. बाहेरून आलेल्या सल्लागारापाशी नसते. पहिल्या सूचनेचे बक्षीस म्हणून ज्याची नोकरी गेली, त्याच्या शेजाऱ्याकडून दुसरी सूचना मालकास मिळावयाची नाही. वाचलेल्या वेळात निराळ्या गिऱ्हाइकाचे लहान काम घ्यावे, पूर्वी ‘एवढ्याशा नगांस परवडत नाही’ म्हणून परत पाठविलेले काम आता घ्यावे, हा त्यावरील खरा तोड आहे. आणि किरकोळ कामावर जगणाऱ्या आपल्या गावास तो जितका मानवेल, तितका क्वचितच कोणास.

ज्यांना सुटीत हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, त्यांनी घरच्या अगर ओळखीच्या कारखान्यात परवानगी घेऊन एक घड्याळ, एक कागद व पेन्सिल एवढेच साहित्य न्यावे. कागदावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यात काय घडले, दुसऱ्यात किती मिनिटे लागली, तिसऱ्यात ते यंत्र चालू असता करता आले असते काय. ‘पाना शोधला, ४ मिनिटे, होय’; ‘क्रेन रिकामी होण्याची वाट पाहिली, ११ मिनिटे, होय’; ‘चकाचे जबडे बदलले, ९ मिनिटे, नाही’. लिहिताना कोणास नावे ठेवू नयेत, सल्लाही देऊ नये. काम संपल्यावर तो कागद काम करणाऱ्यालाच प्रथम दाखवावा. तिसऱ्या रकान्यात ‘होय’ असलेल्या मिनिटांची बेरीज पाहून बहुधा त्यासच अधिक आश्चर्य वाटेल.

फक्त कोणत्या यंत्राशी उभे राहावयाचे, हे आधी ठरवावे. कारखान्यात दहा यंत्रे असली, तरी ज्याच्यापुढे माल साचून राहतो असे एखाददुसरेच असते. त्याचा खोळंबा अर्धा तास घटला, तर साऱ्या कारखान्यास अर्धा तास मिळाला. जे यंत्र तसेही दुपारनंतर रिकामे असते, त्याचा खोळंबा घटविण्यासाठी दुसरे टेबल, जादा फिक्स्चर अथवा वही-फणीचा नवा संच विकत घेणे म्हणजे ज्या विहिरीस पाणी नाही तिच्यावर मोठा पंप बसविणे. तेथे खर्चाची कामे न करता, पाने व बोल्ट जागच्या जागी लावण्याइतके केले तरी पुरे.